माशीची दाढी

हल्ली कुणीही उठतं आणि माझ्या तोंडासमोर मोबाईल धरतं. "मावशी, ही कसली माशी हाय, सांगा की." बहिणीचा जावई धरतो, शेजारचा बागवाला धरतो, परवा तर एस.टी.च्या रांगेत एका अनोळखी बाईनं धरला. मी किडे ओळखते हे या लोकांना कोण सांगतं कोण जाणे. मी फोटोकडे बघतसुद्धा नाही. "माशी आण," म्हणते. "काडेपेटीत घालून आण. मेलेली चालेल. फोटो नको." मग त्यांची तोंडं पडतात. बाई तिरसट आहे असं माझ्यामागं म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणू देत. फोटोवरून माशी ओळखण्याच्या नादात माझं काय झालं ते यांना माहीत नाही, म्हणून मोबाईल नाचवतात.

नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. मी शेळगावची. बारामतीला प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, वर्षभर घरी बसले, आणि मग बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एका छोट्या प्रयोगशाळेत लागले. ऊसवाल्यांच्या एका सहकारी संस्थेनं ती काढली होती. आता ती संस्थाही बंद पडली आणि त्या खोल्यांत खताची पोती असतात. लागले म्हणजे रोजंदारीवर. तिथल्या हजेरीपत्रकात कायम झालेल्यांची नावं शाईनं लिहिलेली असत आणि आमच्यासारख्यांची पेन्सिलीनं, म्हणजे खोडायला सोपं. पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले होते, "दोन वर्षं काम बघू तुमचं. मग शाईनं लिहू." साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. स्वच्छ कपड्यांचे, कमी बोलणारे, कुठल्याही कागदावर आपल्याआधी दुसऱ्याची सही घेणारे.

मला त्या शाईचा ध्यास लागला. खोटं कशाला बोलू? रोज सकाळी हजेरीपत्रक उघडलं की मी आधी शाईची नावं वाचायची, मग खाली माझं पुसट नाव. आमच्या घरात माझ्याआधी पुस्तकी कामावर कुणी लागलं नव्हतं. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, पण सही त्यांना मरेपर्यंत आली नाही, अंगठाच उठवायचे. दादा, म्हणजे माझे वडील, चौथी शिकले आणि सही मात्र अशी झोकदार करायचे की बघत राहावं. त्यांचा एक आग्रह असायचा. "आपून केलेल्या कामावर आपली सही पायजे. न्हायतर काम आपलं आन् नाव दुसऱ्याचं. आमी लई बघितलंय." मी नोकरीला लागले तेव्हा त्यांनी मला आपलं शाईचं पेन दिलं. म्हणाले, "हितनं फुडं बॉलपेन न्हाय."

आता कामाचं सांगते. उसाच्या कोंबात खोडकिड्याची अळी शिरते आणि आतून गाभा खाते. मधलं पान वाळतं. शेतकरी म्हणतात, पोंगा जळाला. वरून कितीही औषध मारा, आतल्या अळीला ते पोचत नाही. पण एक माशी पोचते. परजीवी माशी. दिसायला राखाडी, घरमाशीच्याच घरातली वाटावी अशी. ती अंडी घालत नाही, जिवंत पिल्लंच सोडते, अळीनं पाडलेल्या भोकाच्या तोंडाशी. डोळ्याला दिसतील न दिसतील अशी ती पिल्लं आत सरकतात, अळीच्या अंगात घुसतात आणि तिला आतून खाऊन संपवतात. आमचं काम म्हणजे ही माशी प्रयोगशाळेत वाढवायची आणि बरण्यांत घालून शेतात सोडायची.

ऐकून शिसारी येते लोकांना. मला नाही आली कधी. दिवस भरलेली माशी मिठाच्या पाण्यात सुईनं उघडायची, आतली पिल्लं ब्रशनं उचलायची आणि खोडकिड्याच्या अळीवर एकेक सोडायची. ब्रश कसला, रंगकामाच्या ब्रशाचे दोन केस ठेवून बाकीचे मी कापून टाकले होते. हात जरा जड पडला की पिल्लू मेलं. पहिल्या महिन्यात माझ्याकडून नुसता सत्यानाश झाला. पुढं हात असा बसला की साहेबसुद्धा पाहुणे आले की मला म्हणायचे, "बाई, जरा दाखवा यांना."

माश्यांची मिजास फार. सकाळचं कोवळं ऊन अंगावर पडल्याशिवाय त्यांचं लग्न लागत नाही. म्हणून मी जाळीचे पिंजरे उचलून व्हरांड्यात मांडायची आणि ऊन सरकेल तसे ते सरकवायची. खायला त्यांना भिजवलेले बेदाणे. संस्थेतली बाकीची मंडळी येता-जाता टोमणे मारायची. "आमाला चहा बी मिळंना आन् माशांना बेदाणं! फुडच्या जन्मी बाईंच्या पिंजऱ्यातच जन्माला यावं म्हन्तो." मी पण सोडायची नाही. म्हणायची, "या की. पोट भरलं की सुईनं उघडते."

ही माशी खरीच आपली की कचऱ्यावर वाढणारी दुसरी कुठली, हे ओळखणं सगळ्यात अवघड. मेलेल्या अळीवर भलत्याच माश्या येऊन बसतात आणि शेतातून आणलेल्या कोशांबरोबर त्या पिंजऱ्यात घुसू शकतात. म्हणून प्रत्येक नव्या पिढीतल्या माश्या मी सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. दोन खुणा बघायच्या. एक, पोटावरचे राठ, काळे, उभे केस, दाढीच्या खुंटांसारखे. आणि दुसरी, पाठ संपते तिथं, पंखांच्या मुळाशी, खालच्या अंगाला एक बारीक फुगवटा. या दोन खुणा असल्या की आपली माशी. नसल्या तर चिरडून टाकायची. दोन वर्षांत मी इतक्या माश्या पाहिल्या की डोळे मिटले तरी ते केस दिसायचे. हे मी फुशारकीनं सांगत नाही. हे पाठ असणंच पुढं माझ्या मुळावर आलं.

दोन वर्षं पुरी व्हायला आली होती. साहेबांनी कायम करायच्या यादीत माझं नाव घातलं होतं, मी स्वतः पाहिलं होतं. आणि अशात सांगवीहून आबा आले.

आबा संस्थेचे जुने सभासद. आवाज असा की बांधावरून बोलले तर रस्त्यावरचा माणूस वळून बघेल. त्यांच्या उसात मी पंधरा दिवसांपूर्वी माश्या सोडून आले होते. शनिवारच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, त्यांनी आमचीच रिकामी बरणी टेबलावर आपटली. त्यात पाच-सहा माश्या होत्या.

"ह्या घ्या तुमच्या विलायती माशा! माझ्या गोठ्यात धरल्यात. म्हशीच्या शेणावर बसल्या हुत्या. ही बाई घरातल्या माशा बरणीत भरती आन् आमच्या रानात सोडती. येडं समजता व्हय आमाला?"

मी म्हणाले, "आबा, गोठ्यातली माशी गोठ्यातलीच असणार. मी सोडली ती उसात असंल."

"मंग दोन्ही सारख्या कशा दिसत्यात?"

"दिसतात सारख्याच. भिंगातनं बघितलं तर..."

"भिंगातनं तर काय, मुंगीचा बी हत्ती हुतो!"

सगळे हसले. साहेबही हसले. मी आबांच्या बरणीतल्या माश्या तिथल्या तिथं भिंगाखाली धरून त्या गोठ्यातल्याच आहेत हे दाखवायला निघाले, तर साहेबांनी हात वर केला. "बाई, तुमच्या माशीबद्दल तुम्हीच सांगायचं, याला अर्थ नाही. आपण पुण्याच्या तज्ज्ञांना विचारू." पुण्याच्या तज्ज्ञांकडे मागे एकदा माश्या पोस्टानं पाठवल्या होत्या, त्या पोचेपर्यंत भुगा झाल्या होत्या. म्हणून त्यांनी कळवलं होतं की आधी मोठे, स्वच्छ फोटो पाठवा, त्यावरून बघू. "पुढच्या शनिवारच्या आत फोटो पाहिजेत," साहेब म्हणाले. "आणि त्यावर तुमच्या कायम होण्याचंही ठरेल."

रंगीत रोल धुवायला पुण्याला जायचा आणि आठवडाभर यायचा नाही. तेव्हा काळा-पांढरा फोटो. मला एकच माणूस आठवला, इंदापूरचे फोटोवाले मामा. बसस्टँडच्या मागं त्यांचा स्टुडिओ होता. आमच्या घरातले सगळे फोटो त्यांनी काढलेले. फोटो काढायचे, स्वतःच अंधाऱ्या खोलीत धुवायचे, आणि मग त्यांचं खरं काम सुरू व्हायचं, टचिंग. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल घेऊन बसायचे आणि माणसाच्या तोंडावरचे डाग, देवीचे व्रण, डोळ्याखालची काळी वर्तुळं, सगळं मिटवून टाकायचे. लग्न ठरवायला पाठवायचा माझाही एक फोटो त्यांनी काढला होता. त्यात माझ्या हनुवटीवरचा तीळ नव्हता आणि मी चांगली चार छटा उजळ होते. आई खूश झाली होती. मी वरवर चिडले होते, "ही मी न्हवंच" म्हणाले होते, पण पेटीत तोच फोटो जपून ठेवला होता. ते कबूल केलं पाहिजे.

त्यांच्या काचेच्या कपाटात पळसदेवच्या जुन्या देवळाचा मोठा फोटो असायचा. धरणाचं पाणी उतरलं की ते देऊळ वर येतं, तेव्हाचा. त्यातल्या देवळाला एक चीर नव्हती, शिखराचा एक टवका उडालेला नव्हता. मी ते देऊळ डोळ्यांनी पाहिलेलं होतं. दर वेळी कपाटापुढं उभी राहून हसायची, मामांनी देवळाची पण दुरुस्ती केली म्हणून. एवढं दिसत होतं, कळत होतं, आणि तरी माझ्या मठ्ठ डोक्यात शिरलं नाही.

मी टाचणीला लावलेल्या माश्या नेल्या. मामांनी जुना, मोठ्या निगेटिव्हचा कॅमेरा काढला, शेजारच्या घड्याळवाल्याचं भिंग आणलं आणि ते दोऱ्यानं पुढं बांधलं. दोन दिवे, मागं पांढरा कागद. वरून, कडेनं, पोटाच्या बाजूनं, असे फोटो काढले. मी त्यांना सगळं सांगितलं. सांगवीचे आबा, शनिवार, पुण्याचे तज्ज्ञ, माझं कायम होणं. सांगितलं नाही ते एवढंच, की फोटोत काय दिसलं पाहिजे. ते सांगायचं असतं हेच मला सुचलं नाही.

"पोरी, काळजी करू नगंस," मामा म्हणाले. "तुझी माशी अशी काढतो की बगनाऱ्यानं नाव घ्यावं."

शुक्रवारी संध्याकाळी फोटो मिळाले. हाताच्या पंजाएवढे, चकचकीत. माशी अशी स्वच्छ, सुबक की मला भरूनच आलं. घरी दादांना दाखवले. त्यांनी धोतराला हात पुसून ते धरले. "ही तू वाडीवली?" म्हणाले. आईनं सांगितलं, माशी ती माशीच, ते फोटो जेवणाच्या जागेपासून लांब ठेवा. आम्ही हसलो. मी कंदिलाशेजारी बसून ते फोटो कितीदा पाहिले असतील त्याला गणती नाही, आणि प्रत्येक वेळी मला पोटावरचे केस दिसले. शपथेवर सांगते, दिसले. पाठीमागचा फुगवटा दिसला. दिसणारच. ते फोटोत नव्हते, माझ्या डोळ्यांत होते.

शनिवारी साहेब म्हणाले, "फोटो तुमच्याच माशीचे कशावरून? मागं लिहून द्या." मला राग यायला हवा होता. उलट मी खूश झाले. दादांचं पेन काढलं आणि प्रत्येक फोटोच्या पाठीवर, वळणदार अक्षरात लिहिलं, 'ही प्रयोगशाळेत मी वाढवलेली माशी आहे. फोटो तिचाच असून बरोबर आहे.' खाली पूर्ण नाव, सही. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. शिवाय एका काडेपेटीत कापूस घालून सहा माश्या टाचणीला लावून दिल्या, प्रत्येकीखाली चिठ्ठी. "साहेब, ह्या पण पाठवा. पोचल्या तर बरंच." साहेबांनी काडेपेटी घेतली आणि "बघू" म्हणाले.

पुण्याचं पत्र आलं ते इंग्रजीत, टाइप केलेलं, जेमतेम सात ओळींचं. साहेबांनी बैठकीत मोठ्यानं वाचलं आणि मराठीत सांगितलं. फोटो उत्तम आहेत. पोटावर राठ केस नाहीत, पाठीच्या शेवटी फुगवटा नाही. सबब ही परजीवी माशी असू शकत नाही, घरमाशीच्या जातीतली साधी माशी दिसते. आबांनी मांडीवर थाप मारली. मी उठून म्हणाले, "असं होणारच नाही. मी भिंगातनं रोज..." पण माझा आवाज फाटला. आणि साहेबांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "बाई, फोटो तुम्हीच काढून आणलेत."

खरंच होतं. मीच आणले होते. त्या वेळी मी काय विचार केला सांगू? मला वाटलं, माझंच चुकलं. दोन वर्षं मला दिसत होतं ते नसेलच. एवढा मोठा माणूस टाइप करून सांगतोय, तर आपल्या डोळ्यांचं काय घेऊन बसायचं? साहेबांनी पत्राची पुन्हा घडी घातली, आणि मी सूक्ष्मदर्शकाखाली एक ताजी माशी धरायचं सोडून घरी गेले. याची चीड मला आजही येते. माझ्या टेबलावर, हाताच्या अंतरावर, दोनशे जिवंत माश्या होत्या. एक बघितली असती तरी पुरलं असतं. नाही बघितली.

सोमवारी साहेबांनी पिंजरे रिकामे करायला सांगितले. म्हणजे मलाच सांगितलं. "तुम्हीच वाढवल्यात, तुम्हीच आवरा." स्टोव्हवर पातेलंभर पाणी उकळलं आणि एकेक पिंजरा बुडवला. सकाळची वेळ होती, ऊन व्हरांड्यात आलं होतं, आणि माश्या त्या उन्हाच्या बाजूला जाळीला चिकटून बसल्या होत्या, रोजच्यासारख्या. बेदाणे पाण्यात फुगून वर आले. कोशांच्या ताटल्या पालापाचोळ्यात टाकून पेटवल्या. कुणी टोमणा मारला नाही. ते फार वाईट वाटलं, कुणी टोमणा मारला असता तर मी काहीतरी बोलले असते. मी रडले नाही. हात भाजला होता, त्याकडे बघत बसले.

पुढच्या महिन्याच्या हजेरीपत्रकात माझं नाव नव्हतं. खोडलेलंही नव्हतं, खोडरबरानं साफ पुसलेलं. दाराशी चपला घालताना आत कुणीतरी म्हणालेलं ऐकलं, "कोट्यातनं आलं की असंच असतं." अरे मेल्यांनो, कोटा कसला! रोजंदारीवर होते मी. रोजंदारीला कोटा असतो का कुठं? पण हे मी मनात म्हणाले. मोठ्यानं म्हणायची हिंमत ज्या दिवशी पाहिजे होती त्या दिवशी नव्हती.

 दादांनी पेन परत मागितलं नाही, आणि मीही ते पुन्हा खिशाला लावलं नाही.

वर्ष गेलं. एकदा बारामतीच्या स्टँडवर आबा भेटले. मी तोंड फिरवणार होते, तर तेच जवळ आले. "काय पोरी, हल्ली कुठं असतीस? तू आली हुतीस ना त्या साली माझा ऊस झ्याक हुता बघ. एक पोंगा जळाला न्हाय. औंदा मातुर खोडकिड्यानं पार वाट लावली." माणूस मनमोकळेपणानं सांगत होता. आपण काय बोललो होतो ते त्याच्या गावीही नव्हतं. मी त्याच्याकडे बघतच राहिले. घरमाश्यांनी खोडकिडा मारला काय मग? त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनात पाल चुकचुकली, पण पाल कुठं बसली आहे ते सापडेना.

ती सापडली आठवडाभरानं. एका शाळेत प्रयोगशाळा सहायकाची जागा निघाली होती, अर्जाला फोटो पाहिजे होता. गेले मामांकडं. फोटो काढून झाला तेव्हा मी म्हणाले, "मामा, तीळ ऱ्हाऊ द्या हां. जशी हाय तशी दाखवा."

मामा हसले. "तुझं आपलं न्यारंच. लोकं पाया पडत्यात, एवढं काढा म्हणून. त्या तुझ्या माशीला तर मी कसली नटवली हुती! काय ती माशी बाई! अंगभर केस. दाढी वाढल्यावानी. म्हणलं, पोरीच्या नोकरीचा प्रश्न हाय, सायबलोकांपुढं असली शेंबडी माशी कशी धाडायची? दोन दिस पेन्सिल घिऊन बसलो. एकेक केस काडून टाकला. आन् पाठीला बारकी सूज हुती, ती बी बसवली. डोळं आलं माझं. पर तुझ्याकडनं त्या कामाचं काय घ्यायचं, म्हणून बोललो न्हाय."

मी खाली बसले. तिथंच, त्या रंगवलेल्या पडद्यापुढं. मामा घाबरले, पाणी आणलं. मला त्यांचा गळा धरावासा वाटत होता आणि त्यांच्या हातचं पाणीही प्यायचं होतं. मी प्यायले. मग त्यांना सांगितलं की तज्ज्ञ त्या केसांवरूनच माशी ओळखतात.  त्यांनी कपाटातून निगेटिव्ह शोधून काढली, खिडकीशी धरली. काचेतून उजेड आला आणि पोटाच्या जागी पेन्सिलीच्या बारीक रेघा दिसल्या, एकीशेजारी एक, किती मायेनं ओढलेल्या. "माझ्याकडनं वाईट झालं व्हय गं?" मामा म्हणाले. मी "नाही" म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? वाईट त्यांच्याकडून झालं नव्हतं. टचिंग म्हणजे काय हे मला माहीत होतं, आणि केस म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं. दोघांपैकी शहाणी मी होते.

निगेटिव्ह घेऊन मी तडक प्रयोगशाळेत गेले. वर्षानं. वाटेत बोलणं जुळवलं होतं. व्हरांड्यात पिंजरे नव्हते, मोडक्या खुर्च्या होत्या. साहेबांनी निगेटिव्ह घेतली, खिडकीकडे धरली, माझं सगळं ऐकून घेतलं. माणूस मूर्ख नव्हता. दोन मिनिटांत त्यांना कळलं, हे त्यांच्या तोंडावर दिसलं. मला वाटलं, झालं. आता म्हणतील, बसा.

"आता ताडून कशाशी बघायचं?" ते म्हणाले. "माश्या तर राहिल्या नाहीत."

"मी काडेपेटी दिली होती, साहेब. सहा माश्या होत्या. पुण्याला पाठवली होती ना?"

साहेबांनी टेबलाचा खालचा खण ओढला. काडेपेटी तिथंच होती, वर्षभर. पाठवलीच नव्हती. "त्यांनी फोटोच मागवले होते," म्हणाले. मी उघडली. आत सहा टाचण्या उभ्या, सहा चिठ्ठ्या माझ्या अक्षरातल्या, आणि कापसावर चिमूटभर तपकिरी भुकटी. माश्या बारीक किड्यांनी खाऊन टाकल्या होत्या. एक पंख राहिला होता. पंखावरून काही ओळखता येत नाही.

"साहेब, तुम्हाला आता कळलंय," मी म्हणाले. माझा आवाज या वेळी फाटला नाही. "तुम्ही एवढं लिहून द्या. माश्या खऱ्या होत्या, एवढंच. नोकरी नको मला."

 साहेबांनी कपाटातून फाईल काढली. पुण्याचं पत्र, त्याला टाचलेले ते फोटो. त्यांनी फोटो सोडवले आणि माझ्यापुढं एकेक करून ठेवले, उलटे.

"हे अक्षर तुमचंच ना?"

'ही प्रयोगशाळेत मी वाढवलेली माशी आहे. फोटो तिचाच असून बरोबर आहे.' खाली माझं पूर्ण नाव. दादांची शाई जराही उडाली नव्हती.

"हो," मी म्हणाले.

त्यांनी फोटो पुन्हा टाचले आणि फाईल बंद केली. त्या प्रयोगशाळेत माझं नाव शाईनं लिहिलेलं होतं ते तेवढ्याच जागी.